वच्छलाबाई आणि लिलीचे कांदे

वच्छलाबाई आमच्या धुळ्याच्या कॉलेजात झाडलोटीला, मी प्रयोगशाळेत शिपाई. अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास छाजेड सरांनी आम्हा दोघांमागं नवंच लचांड लावलं. बागेतल्या पांढऱ्या लिलीचे कांदे मी खणायचे, तिनं धुऊन, चिरून सावलीत वाळवायचे. सर जैन. घरी कांद्याला शिवत नसत, आणि इथं ढीगच्या ढीग! चिडवलं की हसायचे. म्हणायचे, "नाना, याच्या अर्कानं काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मरतात. पण औषध नव्हे हं हे, विष आहे."

बाईनं पहिलं ऐकलं, दुसरं कशाला ऐकेल? तिच्या नवऱ्याचं नाव पुना, मार्केटात हमाल, त्याच्या गालात कॅन्सरची गाठ. मुंबईच्या डॉक्टरांनीही हात टेकले होते.

तिनं कांदा ठेचून दुधातून पाजला त्याला. उलट्या थांबेनात. दवाखान्यात डॉक्टर विचारून विचारून थकले, "काय खाल्लं यांनी?" बाई गप्प. झाडपाल्याचं नाव सांगितलं की गुण जातो, हे आमच्या खान्देशात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पुना डोळे फिरवतोय आणि ही तोंडाला कुलूप लावून बसलेली! तेवढ्यात मला तिच्या नखांतला कांद्याचा गर दिसला. मी ओरडलोच, "डॉक्टर, लिलीचा कांदा दिलाय हिनं!"

त्या दिवशी पुना वाचला. पुढं उन्हाळ्यात त्या गाठीनंच गेला.

मग बाईचं एकच पालुपद. विळीवर बसली की सुरू, "नाना, तुम्ही नाव लिधं, म्हनीसन गुन गया." सरांनी समजावलं, मी समजावलं, भांडलोसुद्धा. "अगं बाई, त्या कांद्यानं तो त्याच दिवशी गेला असता!" ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जीव विटला माझा. कामावर जाऊ नये असं वाटायचं.

एका दुपारी मी पुन्हा तेच ओरडलो. ती चिरता चिरता थांबली. हातातल्या कांद्याकडं बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "नाना, मीच तर नही मारं ना त्यासले?"

मी तिच्यासमोर खाली बसलो. भांडायचं त्राणच संपलं.

"नाही गं बाई," मी म्हणालो. "मी नाव घेतलं ना. म्हणून गुण गेला."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुढचा कांदा घेतला.