खाजणात उतरलेलं विमान

खारबावच्या खाडीकाठी ठकुबाईचं खाजण, म्हणजे खाडीलगतचं भातशेत, आहे. भरतीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध ती लग्न होऊन आली तेव्हापासून लिंपत आलीय. नवरा गेल्यावर एकटीच. कुठली जमीन पाय धरते आणि कुठली गिळते, हे तिला चालता चालता कळतं. पण तिला विचारतो कोण!

भात कापून झालं होतं. एका सकाळी शिकाऊ वैमानिकाचं छोटं विमान इंजिन बंद पडून खाली येऊ लागलं. ठकुबाई बांधावरून हातवारे करत ओरडली, "हितं नको! खाली चिखल हाय!" तिचा आवाज वर कुठला पोचायला! चाकं टेकली, वरचा सुकलेला पापुद्रा फुटला, पुढचं चाक रुतलं आणि विमान नाकावर उभं राहून उलटं पडलं.

गुडघाभर चिखल तुडवत ती पोचली. आत उन्नती नावाची विशीतली मुलगी पट्ट्याला उलटी लोंबकळत होती. एका हाताने तिला पेलून ठकुबाईने विळ्याने पट्टा कापला.

"मला जमीन पक्की वाटली हो," मोडलेला हात धरून उन्नती रडू लागली.

"सगल्यांना तसंच वाटतं, पोरी."

उन्नतीला दवाखान्यात नेलं. दुपारी विमान काढायला प्रशिक्षण संस्थेचे साहेब क्रेन घेऊन आले.

"सायेब, बांधावरून क्रेन नका घालू. रुतंल."

"आजी, बाजूला व्हा. हे तुमचं काम नाही," साहेब फोनवरून मान न वळवता म्हणाले.

क्रेन रुतली. तिच्या वजनाने बांध खचला आणि संध्याकाळच्या भरतीला खाडी शेतात शिरली. ठकुबाईने कपाळावर हात मारून घेतला. घसा बसेपर्यंत ओरडली, पण लोक विमानाचे फोटो काढण्यात दंग.

दुसऱ्या दिवशी दुसरी क्रेन आली, तेव्हा ती विळा घेऊन वाटेतच बसली. "आता माझ्या अंगावरून जावा."

तासभर हुज्जत चालली. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, "मग काढायचं कसं, ते तरी सांगा!"

तिने सांगितलं. गावकऱ्यांनी बांबू आणि पेंढा अंथरला, दोर लावले आणि विमान हातांनी ओढून रस्त्यावर आणलं; रुतलेली क्रेनही तशीच निघाली. साहेबांनी गावाचे आभार मानले. तिच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

गोदू जाऊबाईला हाताशी घेऊन तिने आठ दिवसांत बांध पुन्हा उभा केला. पण जमिनीत मीठ मुरलं होतं. पुढच्या पावसाळ्यात निम्मं भात पिवळं पडलं. ते उपटताना ती साहेबांना शिव्या देत होती, अगदी मोठ्याने.