हेडसरांची हजेरी

रोज सकाळी तीस ताज्या बातम्या पोटात गेल्याशिवाय ज्याला चहा गोड लागत नाही, असा माणूस अख्ख्या अर्धापूर तालुक्यात एकच आहे, आणि तो म्हणजे आमच्या शाळेचे हेडसर. वर्तमानपत्र ते वाचत नाहीत. त्यांच्या बातम्या त्यांना हजेरीत मिळतात. नाव पुकारल्यावर पोरानं नुसतं ‘हजर’ म्हटलं, की सर चष्म्यावरून बघतात. “ते तर दिसून राहिलंय. खबर सांग.” मग कुणाचा दात पडलेला असतो, कुणाच्या घरी धर्माबादची आत्या आलेली असते. खबर मात्र ताजीच लागते. कालचीच पुन्हा सांगणाऱ्याला ते बाहेर पिटाळतात. ते पोर हापशापर्यंत एक चक्कर मारून येतं, तिथं कावळा बसल्याचं सांगतं, तेव्हा कुठं सरांचा पेन हलतो. मी नांदेडहून पहिल्या दिवशी रुजू व्हायला आले तर मलाही त्यांनी सोडलं नाही. बस वाटेत बंद पडल्याचं मी सांगितलं, तेव्हा पहिल्या दिवसाच्या मानानं बरी खबर आहे म्हणाले.

नव्या गोष्टींचं सरांना वावडं नाही, फक्त त्या गोष्टींनी आपली पायरी ओळखून राहावं, एवढंच त्यांचं म्हणणं. शाळेचा एकुलता एक टॅब ते स्वतःच्या धुतलेल्या दस्तीत, म्हणजे हातरुमालात, गुंडाळून कपाटात ठेवतात. काढताना आधी दस्तीची नीट घडी होते, मग टॅब आम्हाला मिळतो. गेल्या वर्षी दिवाळीआधी मी तिसरीच्या मुलांकडून ऑगमेंटेड रिॲलिटीचा प्रकल्प करून घेतला. मुलांनी चित्र काढायचं, ॲपमध्ये आपला आवाज भरायचा. मग त्या चित्रावर टॅब धरला, की पडद्यावर ते कागदातून उठून उभं राहतं आणि बोलायला लागतं. ते लांबलचक नाव काही सरांच्या जिभेवर बसेना. त्यांनी त्याचं ‘उठतं चित्र’ करून टाकलं. मुदखेडचं स्टेशन पाहून आलेल्या एकानं रेल्वे काढली होती. ती टॅबमध्ये टेबलावरून धावायला लागली, तेव्हा सरांनी घाईघाईनं आपला चहाचा कप उचलला आणि शेवटचा डबा गेल्यावरच खाली ठेवला.

रेणुकानं स्वतःलाच काढलं होतं, दोन वेण्या आणि शेजारी शेळी. चित्र तिनं आपल्या बाकावर चिकटवलं, आणि दिवाळी संपताच आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली. आदल्या वर्षी अशीच गेलेली एक मुलगी शाळेत परत आलीच नाही, आणि ते सरांच्या मनाला फार लागलेलं होतं. सुटीनंतर शाळा उघडली त्या दिवशी रेणुकाचं नाव पुकारून सर थांबले. तेवढ्यात तिच्या शेजारणीनं सरांच्या टेबलावरचा टॅब उचलून आणला आणि बाकावरच्या चित्रावर धरला. वेण्यांची रेणुका उठून उभी राहिली आणि म्हणाली, “सर, आमच्या शेळीला दोन पिल्लं झाली. एक काळं, एक ठिपक्याचं.”

पोरांनी आता हिची हजेरी लावाच म्हणून गलका केला. सरांनी मान हलवली. “बोलली, पन आली न्हाई,” म्हणाले, आणि गैरहजेरी मांडली.

पण दुसऱ्या दिवशी तिचं नाव पुकारल्यावर त्यांनी स्वतःच टॅबकडे बोट केलं. कालची खबर आज खपवून न घेणाऱ्या या माणसानं त्याच दोन पिल्लांची खबर महिनोन्‌महिने रोज ऐकली आणि रोज गैरहजेरी मांडली. लाईट नसल्यानं टॅबची बॅटरी उतरली, तर चार्ज होईपर्यंत पुढचं नाव नाही. एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले, तर सर रिकाम्या बाकाला विचारताहेत, पिल्लं चारा खायला लागली का. साहेबांनी मला बाजूला घेऊन सरांच्या तब्येतीची चौकशी केली. मी टॅब त्यांच्या हातात दिला आणि बाकावरचं चित्र दाखवलं. त्यांनी पिल्लांची खबर दोनदा ऐकली, आणि जाताना शेरेबुकात ‘हजेरी उत्तम’ लिहून गेले.

होळी होऊन गेल्यावर एका सकाळी रेणुका आली. उन्हानं काळवंडलेली, हातावर उसाच्या पात्यांचे ओरखडे. गुपचूप आपल्या बाकावर जाऊन बसली. सरांनी मान वर न करता यादी चालवली होती. तिचं नाव आलं. सवयीनं शेजारणीनं टॅब उचललाच होता, पण त्याआधीच रेणुका उभी राहिली. एवढ्या महिन्यांत शाळेची रीत विसरली असावी बिचारी. ती नुसतं म्हणाली, “सर, हजर.”

पोरं सरांच्या ठरलेल्या वाक्याची वाट बघत होती. सरांनी चष्मा काढला, टेबलावर घडी करून ठेवलेली टॅबची दस्ती ओढून डोळे पुसले. मला तर तेव्हा त्यांच्याकडे बघवेना.

“चालती ही खबर,” ते म्हणाले, आणि हजेरी मांडली.

रेणुका यंदा चौथीत आहे. बाकावरचं चित्र आता पिवळं पडलंय. ते काढू का, असं मी एकदा विचारलं, तर सर राहू द्या म्हणाले. दिवाळी जवळ आली आहे. शाळा सुटली की सर त्या बाकाशी जातात आणि चित्राचे चारही कोपरे अंगठ्यानं दाबून बघतात, नीट चिकटलेले आहेत ना म्हणून.