बटणच्या जाकिटातली पट्टी

मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानात उभा आरसा होता, कापडांचा ढीग होता, पण मास्तरांच्या जिभेला कायमचं कुलूप होतं. गिऱ्हाईक वर्षभराने जुना कोट घेऊन यायचं आणि म्हणायचं, "मास्तर, कापड आटलं हो." कापड तसूभरही आटलेलं नसायचं, पोट सुटलेलं असायचं. मास्तर मात्र कापड चिमटीत धरून गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "आटतं खरं हे कापड." मग गिऱ्हाईक गेलं की शिवण उसवायची, गरज पडली तर आतून एखादी पट्टी जोडायची, आणि कोट असा सैल करून द्यायचा की घालणाऱ्याला आपणच बारीक झालो असं वाटावं. उलटंही व्हायचं. आजारातून उठलेल्या माणसाच्या अंगावर कपडे लोंबायला लागायचे. त्यालाही मास्तर काही विचारायचे नाहीत, मुकाट्याने कपडे आत घ्यायचे. शिंप्याने माप बघावं, माणसाला बोलू नये, असं त्यांच्या वस्तादाने शिकवलं होतं. शिकवण चांगलीच होती. पण मास्तरांनी ती जरा जास्तच मनावर घेतली, आणि त्यापायी घरातल्या दोन जिवांवर बेतायची वेळ आली.

दुकानामागच्या दोन खोल्यांत मास्तर एकटे राहायचे. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "मापात बसणारी मिळाली नाही." त्यांची मोठी बहीण, अक्का, यावर फणकाऱ्याने म्हणायची, "विचारायला तोंड उघडावं लागतं. ह्याने उघडलं कधी?" नवरा गेल्यावर अक्का या धाकट्या भावाकडे राहायला आली, ती हातात एक पेटी आणि काखेत एक कुत्रं घेऊन. कुत्रं तिच्या नवऱ्याचं. एवढुसं, भुऱ्या केसांचं, उभं राहिलं तरी बसल्यासारखं दिसणारं. आल्या दिवशीच त्याने मास्तरांच्या टेबलाखाली पडलेलं कोटाचं बटण गिळलं. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी बटण ज्या वाटेने बाहेर यायला हवं त्या वाटेने सुखरूप आलं, आणि कुत्र्याचं नाव बटण पडलं. त्याचं आधीचं भारदस्त नाव फक्त अक्काच्या नवऱ्याच्या तोंडी असायचं, ते त्याच्याबरोबरच गेलं.

बहीण आली याचा मास्तरांना मनापासून आनंद झाला. पण तो बोलून दाखवणार कोण? त्यांनी तो दोन प्रकारे दाखवला. एक, अक्काचे बरेच दात पडले होते, तर तिला नवी कोरी कवळी करून दिली. दुसरं, थंडी सुरू झाली तसं तिला निळ्या-करड्या चौकड्यांचं लोकरी जाकीट शिवलं. कापड थोडं उरलं, त्यात बटणचंही जाकीट झालं. पाठीवर, पोटाखालून बंद, पुढच्या पायांना दोन भोकं. संध्याकाळी अक्का आणि बटण एकाच कापडात रस्त्याने निघाले की समोरचा न्हावी दाढी करता करता वस्तरा थांबवायचा आणि म्हणायचा, "निघाली बघा वरात!"

काही महिन्यांनी अक्का म्हणाली, "धाकट्या, हे जाकीट जरा आत घे रे. सैल वाटतंय." मास्तरांनी घेतलं. दोन्ही बगलांतून एकेक पट्टी निघाली. त्याच सुमाराला बटणच्या जाकिटाचे बंद पोटाखाली पोचेनासे झाले होते. मास्तरांनी जाकीट उसवलं, तशाच चौकड्यांची पट्टी हाताशी होती, ती घातली. चौकडीला चौकडी अशी जुळवली की शिवण कुठे आहे ते शोधूनही सापडू नये. स्वतःच्याच कामावर खूश होऊन त्यांनी जाकीट झटकलं. पुढच्या थंडीला पुन्हा तेच झालं. अक्काचं आत, बटणचं बाहेर. मास्तरांनी दोन्ही वेळा तोंडातून ब्र काढला नाही.

बटण मात्र बदलत चालला होता. आधी उडी मारून मशीनशेजारच्या स्टुलावर बसायचा, आता स्टुलाकडे नुसता बघायचा. कोपऱ्यापर्यंत गेला की फतकल मारून बसायचा आणि धापा टाकायचा. तोंडाला वास यायला लागला. एक दिवस त्याने वाटीतलं खाणं तोंडात घेऊन पुन्हा खाली टाकलं आणि कण्हला. तेव्हा दोघे बहीणभाऊ त्याला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला खमक्या. त्यांनी बटणला काट्यावर ठेवलं, तोंड उघडून पाहिलं आणि विचारलं, "खायला काय देता?"

"त्याचंच खाणं. पिशवीतलं. सकाळ-संध्याकाळ कपानं मोजून," मास्तर छाती काढून म्हणाले. "बाकी काही नाही."

अक्का भिंतीवरचं मांजराचं चित्र बघत होती.

"हात द्या इकडे, मास्तर," असं म्हणून बाईंनी त्यांची बोटं बटणच्या कुशीवर टेकवली. "लागतात बरगड्या?"

"मऊ लागतंय."

"उशी आहे का ती? बरगड्या दिसू नयेत, पण हाताला लागल्या पाहिजेत. वरून पाहिलं की कंबर दिसली पाहिजे. याला कंबर कुठंय?"

जन्मभर कमरा मोजलेल्या मास्तरांनी बटणला वाकून वरून पाहिलं. कंबर सापडेना.

"छोट्या कुत्र्यांच्या जबड्यात दात दाटीवाटीनं बसतात," बाई म्हणाल्या. "मध्ये घाण साचते. याची मागची दाढ सडलीय. काढायलाच हवी, आणि काढायची तर भूल द्यावी लागेल. या वजनात, या धापेत भूल दिली तर हा पुन्हा उठेलच, असं मी म्हणणार नाही. औषधानं थोडे दिवस थोपवते. तेवढ्यात वजन उतरवा. उपाशी मारायचं नाही, बेताबेतानं. आणि येता-जाता बिस्कीट बंद. तुमचं एक बिस्कीट म्हणजे त्याचं अख्खं जेवण."

परत येताना अक्का रस्त्यातच थांबली. बटणला छातीशी धरून रडत म्हणाली, "धाकट्या, यांच्या हातावर खेळलेला जीव आहे हा. हा गेला तर त्यांचं असं जिवंत माझ्याकडे काही उरणार नाही रे." अक्का रडणारी बाई नव्हे. मास्तर हादरले. त्यांनी नुसती मान हलवली, पण मनात ठरवलं, वजन उतरलंच पाहिजे.

त्या दिवसापासून मास्तर डोळ्यांत तेल घालून पहारा करू लागले. बिस्किटांचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला. कप आणखी थोडा कमी भरायला लागले. बटण बिचारा वाटी चाटूनपुसून साफ करायचा आणि अशा डोळ्यांनी बघायचा की मास्तर मशीनमागे तोंड लपवायचे. इतकं करूनही बंद काही सैल होईनात. मग मास्तरांच्या मनात संशयाने घर केलं. समोरचा न्हावी! दुकानाच्या पायरीवर बसून पाव खातो, आणि बटण त्याच्याकडे शेपूट हलवत जातो. दुसरं कोण असणार? आयुष्यात कुणाला न बोललेले मास्तर रस्ता ओलांडून गेले आणि गिऱ्हाइकाची दाढी अर्धी झालेली असताना दारातून ओरडले, "माझ्या कुत्र्याला काय चारतोस रे?"

न्हाव्याने कानांवर हात ठेवले. "मास्तर, देवाशपथ काही नाही! तुमच्या कुत्र्याकडं बघून मलाच उपास करावासा वाटतो."

मास्तरांनी विश्वास ठेवला नाही. दोघांचं बोलणं बंद झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यातलीच गत.

ठरल्या दिवशी ते पुन्हा दवाखान्यात गेले. काटा उतरायच्या ऐवजी चढला होता. डॉक्टरीणबाईंनी काट्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "कुणीतरी देतंय. घरातलंच कुणीतरी. शोधा, मास्तर. दाढ काही तुमच्यासाठी थांबणार नाही."

घरी आल्यावर मास्तर कामाला बसले, पण सुई चालेना. अक्काने सकाळी आपलं जाकीट ठेवलं होतं, पुन्हा सैल झालं म्हणून. त्यांनी ते उलटं केलं, खडूची रेघ मारली, कात्री चालवली. निळ्या-करड्या चौकड्यांची एक लांब पट्टी टेबलावर पडली. शेजारीच बटणचं जाकीट होतं, त्याचे बंद पुन्हा कमी पडत होते. सवयीने त्यांचा हात पट्टीकडे गेला. त्यांनी बटणचं जाकीट उसवलं, पट्टी शिवणीला लावली, चौकडीला चौकडी जुळवली, तोंडात टाचणी धरली.

आणि तिथेच थांबले.

त्यांनी बटणचं जाकीट आतून पाहिलं. एक पट्टी गेल्या वेळची, एक त्याआधीची. सगळ्या अक्काच्या बगलेतल्या. मग अक्काचं जाकीट उचललं आणि समोर धरलं. ते एखाद्या लहान मुलीचं वाटत होतं. अक्कावरून निघालेलं सगळं या कुत्र्यावर चढलं होतं, ते त्यांनी स्वतःच्या हाताने कापून, जुळवून चढवलं होतं, आणि तरी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मास्तरांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी टाचणी तोंडातून काढून टेबलावर आपटली.

जेवायच्या वेळी ते नेहमीसारखे भराभर जेवून उठले नाहीत. नेहमी उठताना अक्काच्या ताटात आणखी एक डाव भात वाढायचे आणि मशीनवर जायचे. परत येऊन बघायचे तर ताट लख्ख. त्यांना बरं वाटायचं, बहीण पोटभर जेवते म्हणून. आज ते समोर बसून राहिले. अक्का घास चिवडत बसली. टेबलाखाली बटण शेपटी आपटत बसला.

"जा ना तू. काम पडलं असेल," अक्का म्हणाली.

"अक्का, तू वाळलीयेस."

अक्काने मान वर केली. या भावाने जन्मात कुणाला असं काही म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं.

"काडीसारखी झालीयेस," मास्तर म्हणाले. "मी दोन वर्षं तुझं जाकीट आत घेतोय आणि गप्प बसतोय. गाढव आहे मी. तोंड उघड बघू."

"मी काय बटण आहे?"

"उघड म्हणतो ना!"

अक्काने कवळी काढून हातात घेतली. खालची हिरडी लालभडक झाली होती, एका जागी सोलवटली होती. मास्तरांना बघवेना.

"आली त्या दिवसापासून टोचते," अक्का खाली बघत म्हणाली. "पण तू इतक्या हौसेनं करून दिलीस. तिला नावं कशी ठेवू? चावता येत नव्हतं. ताटात टाकलं की तुझा चेहरा पडायचा. मग याला द्यायचे. बाई बिस्किटाचं बोलल्या, जेवणाचं कुठे बोलल्या? भातानं काय होतंय, असं वाटलं. तू कप कमी केलास, हा माझ्याकडे जास्त बघायला लागला. काय करू?" तिने डोळे पुसले. "मीच मारायला निघाले होते रे याला."

"तू नाही. आपण दोघांनी मिळून," मास्तर म्हणाले. मग त्यांनी तिचं ताट उचललं, भात आणि भाजी चमच्याने घोटून घोटून मऊ केली आणि पुन्हा तिच्यापुढे ठेवली. "खा. मी इथेच बसतो. आणि बटण्या, तू बाहेर!"

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांनी टोचणारी जागा घासून कवळी नीट बसवून दिली. बहिणीने दोन वर्षं सोसलेलं दुखणं बसल्या बैठकीत मिटलं, याचं मास्तरांना वाईटही वाटलं आणि रागही आला. मग ते न्हाव्याकडे गेले. माफी मागायला शब्द सापडेनात, म्हणून त्याचा फाटका ॲप्रन ओढून घेतला आणि त्याला नवा खिसा लावून दिला. न्हावी म्हणाला, "एवढ्यावर भागणार नाही, विजारीपण उसवल्यात." बोलणं पुन्हा सुरू झालं.

घराची रीत बदलली. बटणची वाटी पुढच्या दुकानात, अक्काचं ताट मागच्या खोलीत, मध्ये दार लावलेलं. फार आशाळभूत बघितलं तर त्याला उकडलेल्या गाजराचा एखादा तुकडा, तोही बाईंना विचारून. डॉक्टरीणबाईंनी कुत्र्यांची खास पेस्ट दिली होती. मास्तर बोटाला मलमलीची चिंधी गुंडाळून दुखऱ्या दाढेला धक्का न लावता बटणचे बाकीचे दात घासायचे. पहिल्या दिवशी बटण चावला, नंतर पेस्टच्या चवीवर खूश होऊन स्वतःच तोंड पुढे करायला लागला. संध्याकाळी अक्का त्याला घेऊन आधी कोपऱ्यापर्यंत, मग बागेपर्यंत, मग बागेला फेरी मारून यायची. काटा हळूहळू उतरू लागला. एकदा मास्तरांनी कुशीवर बोटं ठेवली आणि ओरडले, "अक्का, लागली! बरगडी लागली!" दुकानातलं गिऱ्हाईक दचकून उभं राहिलं.

दाढ काढायच्या दिवशी दोघे दवाखान्याच्या बाकावर बसून होते. अक्काच्या मांडीवर बटणचं रिकामं जाकीट. ती त्याची कड बोटाने कुरवाळत होती. आतलं दार उघडलं.

"उठला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोळे उघडल्या उघडल्या माझं बोट चाटलं. भूक लागलीय त्याला. अजून काही देऊ नका हं!"

अक्का हसत रडली, आणि मास्तर भिंतीवरचं मांजराचं चित्र बघत बसले.

थंडी आली तेव्हा मास्तरांनी दोन्ही जाकिटं काढली. बटणच्या जाकिटातून एकेक पट्टी उसवली, तिच्यावरचे भुरे केस झटकले, इस्त्री फिरवली आणि त्या दिवशी टेबलावर राहिलेल्या पट्टीसकट अक्काच्या बगलेत परत लावली. चौकडीला चौकडी बसली. पट्ट्या थोड्या विटल्या होत्या, ते दिसत होतं, पण त्यांनी ते लपवलं नाही. अक्काने जाकीट घातलं, आरशासमोर उभी राहिली, बटणं लावायला गेली. वरची लागली. पोटावरचं काही केल्या लागेना.

"कापड आटलं वाटतं रे," ती म्हणाली.

मास्तरांनी कापड चिमटीत धरलं, नेहमीसारखा गंभीर चेहरा केला, आणि मग तो चेहरा त्यांना धरून ठेवता येईना.

"कापडाला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "अक्का, तू जाड झालीस."

अक्का आरशात बघून सगळी कवळी दाखवत हसली. बटणने उडी मारली आणि स्टुलावर जाऊन बसला.