एका वेळी एकच बाटली

माणसाची संस्कृती त्याच्या न्हाणीघरावरून ओळखावी, असं माझं फार जुनं मत आहे. त्या हिशेबानं सोलापुरातल्या आमच्या गल्लीत आमच्याइतकं सुसंस्कृत घर दुसरं नव्हतं, कारण इनॅमलचा बाथटब फक्त आमच्याकडे होता. ओतीव लोखंडाचा, आतून पांढराशुभ्र, चार वाकड्या पायांवर उभा. बंद पडलेल्या एका गिरणीच्या साहेबाच्या बंगल्यातून तो भंगारात निघाला, तेव्हा त्याच गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, राहिलेल्या माझ्या वडिलांनी सहा माणसं लावून तो घरी आणला. त्याच दिवशी नळाला पाणी आलं. वडिलांनी टब काठोकाठ भरून ठेवला, आणि तो आमचा हौद झाला. चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात त्याचं दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. पुढची सगळी वर्षं आम्ही त्याच्या शेजारी पाटावर बसून बादलीनं अंघोळ करत आलो.

यंदा गच्चीवर प्लास्टिकच्या दोन टाक्या बसवल्या आणि टब पहिल्यांदा रिकामा झाला. तो बघायला अव्वा, म्हणजे माझी आई, काठी टेकत आली. ब्याऐंशी वर्षांची, गुडघे गेलेले, त्यात दमा. ती काठाला हात लावून उभी राहिली.

"साहेबाची बाई ह्यात पाय पसरून बसायची," ती म्हणाली. "तुजे वडील म्हनले हुते, तुला बी बसवतो. मग पाणीच भरलं. एकदा बसून बघू की. पुढच्या सालाचं कुणी सांगावं?"

अव्वानं आयुष्यात स्वतःसाठी मागितलेल्या गोष्टी मला बोटांवर मोजता येतात. त्यामुळे हे टाळणं शक्य नव्हतं. अडचण टबाची होती. वर्षानुवर्षं बोअरचं आणि नळाचं पाणी साठून आत, पाण्याच्या पातळीवर, क्षाराचा पिवळट जाड पट्टा बसला होता. नळाखाली गंजाची जीभ लोंबत होती. तळाला शेवाळ. ह्यात आईला बसवायचं म्हणजे आधी तो घासायला हवा, आणि घासताना तिची छाती भरता कामा नये.

थोरला भाऊ लगेच आला. दादानं चिंचोळी एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळलं आहे. रसायनांच्या पावत्या करता करता आपल्याला रसायनशास्त्र येतं, असं त्याचं मत झालं. एका हातात संडास धुवायचं ॲसिड, दुसऱ्या हातात ब्लिचिंग पावडरचा पुडा.

"दोन्ही एकदम टाकतो. धा मिनटात आरसा. तू आपली पुस्तकं वाच."

मी ग्रंथपाल होतो. घरात हा शब्द शिवीसारखा वापरतात.

माझी बायको दारात आडवी उभी राहिली. ती शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. "भावजी, दिवाळीला काय केलं होतं आठवतंय का?"

दिवाळीच्या साफसफाईत दादानं मोरीत हेच दोन पदार्थ एकावर एक ओतले होते. त्यातून जो वायू निघतो तो निरोगी माणसालाही जड जातो. दार लावलेल्या घरात तो जीव घेऊ शकतो. अव्वा दोन दिवस दवाखान्यात मास्क लावून होती. दादा सगळ्यांना सांगत होता, "हवाच खराब हाय यंदा."

आता त्यानं पुडा खाली ठेवला. ॲसिडची बाटली मात्र हातातच. "बरं, एकटं ॲसिड तरी?"

"इनॅमल म्हणजे लोखंडावरची काच. ॲसिड तिची चकाकी खातं. मग टब खरखरीत होतो आणि मळ दुप्पट धरतो."

"मग चिंच लावा की," अव्वा आतून म्हणाली. "माजी घागर बघा कशी लखलखती."

"अत्ती," बायको सासूला म्हणाली, "घागर तांब्याची. हे आंबट सोसत नाही."

दादानं फोन काढला. त्यात एक माणूस खायच्या सोड्यावर व्हिनेगर ओतत होता आणि फेसाचा डोंगर उठत होता. "ह्याला तरी विष म्हणू नका."

विष नव्हतंच. बायकोनं त्याला प्लास्टिकचा मग दिला आणि करून बघायला सांगितलं. फेस असा काही उसळला की अव्वाही बघायला आली. दोन मिनिटांनी मगात गढूळ पाणी उरलं. त्यात फडकं बुडवून दादानं पट्ट्यावर घासलं. पट्टा होता तिथंच.

"सोड्यानं व्हिनेगर संपवलं, व्हिनेगरनं सोडा," बायको म्हणाली. "भांडण दोघांचं. टबाला त्याचं काय?"

मला नोकरीत पाहिलेले सगळे सत्कार आठवले. शाल, श्रीफळ, टाळ्या, आणि शेवटी खुर्च्या उचलणारे आम्ही दोघं-तिघं. आपल्याला फेस दिसल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही. नाकाला झोंबल्याशिवाय मोरी स्वच्छ वाटत नाही. जे गुपचूप काम करतं त्याच्यावर आपला विश्वास बसत नाही. त्यात मीही आलोच. डोंगर उठला तेव्हा मी टाळी वाजवली होती.

बायकोचा नियम एका ओळीचा होता: एका वेळी एकच बाटली, आणि दुसरी उघडायच्या आधी पहिली पूर्ण धुऊन टाकायची. तिनं मगभर खायचा सोडा, भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब आणि थोडं पाणी कालवून भज्यांच्या पिठाएवढं दाट केलं. आधी एका कोपऱ्यात लावून बघितलं. मग खिडकी उघडली, अव्वाला पुढच्या खोलीत बसवलं, आणि सगळ्या टबाला लेप देऊन अर्धा तास ठेवला. घासायला जुन्या टॉवेलचे तुकडे. तारेची घासणी तिनं माझ्या हातातून काढून घेतली.

आम्ही दोघा भावांनी तीन दिवस, रोज एकदा, असा टब घासला. शेवाळ पहिल्याच दिवशी गेलं. पट्टा रोज थोडा पातळ होत होत दोऱ्याएवढा राहिला. गंजाची जीभ काही गेली नाही. ती घालवायला आंबटच लागलं असतं, म्हणून तिला राहू दिलं. दादा एकदाही फोनकडे वळला नाही. मधूनमधून फक्त पुढच्या खोलीत डोकावून विचारायचा, "अव्वा, छाती कशी हाय?"

"माजी बरी हाय. तुजी कंबर बघ."

मंगळवारी कोमट पाण्यानं टब निम्मा भरला. पूर्ण भरायला अव्वानंच मनाई केली. तळाशी टॉवेल अंथरला, म्हणजे पाय घसरणार नाही. जुनं लुगडं नेसलेल्या अव्वाला दादानं लहान मुलासारखं उचललं आणि आत ठेवलं. मग आम्ही दोघं बाहेर आलो. बायको आत थांबली.

दादा दाराला कान लावून खोकला ऐकू येतोय का ते बघत होता. खोकला आला नाही. एकदा पाणी हलल्याचा आवाज आला, आणि एकदा अव्वाचा, हलका: "पोरांचे वडील आसते तर हसले आसते."

अर्ध्या तासानं ती कानडीत म्हणाली, "साकु," आणि लगेच मराठीत, "पुरे आता."

ती कोरडी होऊन खुर्चीत बसल्यावर मी विचारलं, कसं वाटलं.

"पाय लई हलके झाले," ती म्हणाली. "पण पाठ टेकली की घसराय होतं. साहेबाची बाई दमत आसंल."

दादा टबाचं बूच काढायला वाकला, तशी अव्वा ओरडली, "हात लावू नगंस! पाणी शुक्रवारी हाय."

ते पाणी आम्ही शुक्रवारपर्यंत संडासात वापरलं.