नऊ दिवस मेंबर बंद

अमरावती शहरात काळजी करण्यासारखं जेवढं म्हणून होतं, त्यातलं निम्मं आमचे खानावळवाले काका एकटे करत. उरलेलं निम्मं बाकीच्या शहराने वाटून घेतलं होतं, आणि तेही लोक नीट करत नाहीत, अशी काकांची तक्रार असे. मी तेव्हा तेल्हाऱ्याहून कॉलेजसाठी आलेलो, सन साठच्या आसपासची गोष्ट. अंबादेवीच्या देवळामागच्या गल्लीत काकांची खानावळ होती. आम्ही महिनेवारीवर जेवणारे बाराजण तिथले ‘मेंबर’. एखादा मेंबर चार पोळ्यांऐवजी दोनच खाऊन उठला की काका हात न धुताच त्याच्या कपाळाला हात लावायला धावत, आणि सहा खाल्ल्या तर त्याला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारत, “घरून काही वाईट पत्र तर नाई ना आलं?” पोळी फुगली नाही तर गव्हात खोट, फुगली तर “बाप्पा, एवढी काहून फुगली?” एकदा मी नुसताच गप्प बसून जेवत होतो, तर वाढता वाढता थांबून म्हणाले, “नापास झाला का बा?” परीक्षेला अजून दोन महिने होते! काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, “त्याले जेवू तर द्या सुखानं!” पण काकांच्या खानावळीत सुखानं जेवणं बसतच नसे.

घराणं भटजींचं. वडिलांनी आयुष्यभर सत्यनारायण सांगितले. काकांना मात्र पोथी वाचताना ओळ गाळली तर काय, या धास्तीनेच घाम फुटायचा, म्हणून ते खानावळीकडे वळले. अशा माणसाने आमच्या भाऊला पंगतीत कसं घेतलं, याचं गल्लीला मोठं कोडं होतं. भाऊ पातूरकडचा, जिल्हा कचेरीत कारकून. त्याच्या घरच्यांनी चार-पाच वर्षांपूर्वी बौद्ध धम्म घेतला होता, आणि ते तो पहिल्याच दिवशी दारात उभं राहून, कोणी न विचारता, सरळ सांगून मोकळा झाला. खरं सांगू? काकांनी त्याला तत्त्वासाठी वगैरे घेतलं नाही. त्यांना हो म्हणायची भीती वाटली आणि नाही म्हणायचीही वाटली; त्या दोन भीतींच्या मधल्या वेळात भाऊ पाटावर येऊन बसला. बसलेल्या माणसाला उठवायचं म्हणजे तर काकांच्या हातून त्रिकाळात झालं नसतं. दोन जुने मेंबर पाय आपटत निघून गेले. काका आठवडाभर झोपले नाहीत, पण भाऊला वरण वाढताना त्यांचा हात कधी आखडला नाही. वर्षभरात तर “भाऊ आले का? भाऊ काहून नाई आले?” हा घोष सुरू झाला होता.

मग नवरात्र आलं. नवरात्रात त्या गल्लीचं रूपच पालटायचं. अकोल्यापासून अचलपूरपर्यंतची माणसं दर्शनाला लोटायची. शिंप्याने मशीन आत ढकलून नारळ मांडले, सायकल दुरुस्त करणारा उसाचा रस विकायला लागला. समोरच्या दोन्ही खानावळींनी मेंबरांना रजा देऊन यात्रेकरूंसाठी फराळाच्या पंगती लावल्या. नऊ दिवसांत वर्षाचं भागतं, असं जो तो काकांच्या कानाशी सांगू लागला, आणि आपण मागे पडलो तर काय, ही नवी काळजी काकांना शिवली. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दारावर खडूने लिहिलेली पाटी आली: ‘नऊ दिवस मेंबर बंद. दसऱ्यास पूर्ववत.’ प्रत्येकाची हात जोडून माफी मागितली. “तेवढं कुठंबी निभावून घ्या बा!” कोणी नातेवाइकाकडे गेलं, कोणी समोरच्याकडे पैसे टाकून फराळ करू लागलं. मी शहरातल्याच माझ्या आत्याकडे गेलो. भाऊ पाटी वाचून “बरं” म्हणाला आणि गेला.

काकांची पंगत अशी चालली की विचारू नका! साबुदाण्याची उसळ, भगर, दाण्याची आमटी. एक रांग उठायच्या आत दुसरी उभी. काका इतके आनंदात की त्यांनाच भीती वाटू लागली. सहाव्या दिवशी दुपारी दाणे संपले. मी सहज डोकावलो होतो, तर पिशवी धरायला मला घेऊन ते बाजाराकडे सुटले. जवाहर गेटपाशी भाऊ उभा दिसला. कागदाच्या पुडीतून फुटाणे खात होता, आणि मग शेजारच्या नळाला ओंजळ लावून पाणी प्यायला. काका हसत पुढे गेले. “वा भाऊ! तुमीबी उपास धरला का देवीचा?”

“उपास कायचा, काका? जेवण करून राहिलो.”

काकांचं हसू तिथेच गेलं. “रोज हेच?”

“कधी केळं घेतो. आज सहावा दिवस. तीनच राहिले.”

“अहो, पण समोरच्याकडे…”

“गेलतो ना. त्याइनं नाव इचारलं. मंग आडनाव. मंग गाव, अन् गावात कोन्या अंगाले राह्यता, तेबी इचारलं. मंग जागा नाई म्हणाले.” आवाजात राग नव्हता. रेल्वेचं वेळापत्रक सांगावं तसं त्याने सांगितलं, आणि पुडी घडी करून खिशात टाकली.

दाणे न घेताच काका परत फिरले. मला त्यांच्या मागे अक्षरशः पळावं लागलं. काकूंनी सगळं ऐकलं, कढईखालचा जाळ ओढला आणि म्हणाल्या, “साऱ्या गावाची काळजी करता तुमी, अन् आपल्या पाटावरच्या मानसाची तेवढी राह्यली?” काका भिंतीला टेकून खाली बसले. काकांना न सुचलेली काळजी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

तासाभराने ते डबा घेऊन भाऊच्या खोलीवर गेले. मी सोबत होतोच. भाऊने आम्हाला खुर्ची दिली, पाणी दिलं, पण डबा घेतला नाही. “मी डब्यावरचा नाई, काका. पाटावर बसून जेवनारा मेंबर हाय तुमचा.”

“मंग चला ना आत्ता! जागा करतो.”

“देवीच्या लोकाइले उठवून मले बसवता? गल्ली काय म्हनन तुमाले? नऊ दिवस म्हनले, नऊ दिवस होऊ द्या.”

उरलेले तीन दिवस काकांनी कसे काढले ते मी पाहिलं आहे. रोज दुपारी बारा वाजता कोपऱ्यात एक पाट, एक ताट, पाण्याचा गडवा. बाहेर यात्रेकरू खोळंबलेले, कोणी त्या पाटाकडे वळलं की काका अंगावर जात, “तिथं नाई! मेंबर येऊन राहिले!” मेंबर येत नव्हता. दसऱ्याला पाटी पुसली, काकूंनी पुरण घातलं, अकरा मेंबर हजर झाले. एक वाजला, दोन वाजले. काका सोनं वाटायलाही घरोघर गेले नाहीत. अडीचला भाऊच्या खोलीवर पळाले, तर दाराला कुलूप. काकांचं सुरू झालं: आजारी पडला असेल, नोकरी सोडून गावी गेला असेल, माझ्या दारातलं अन्न पुन्हा शिवणार नाही तो! त्या सणाच्या दिवशी काका उपाशी राहिले आणि त्यांना जेवा म्हणायची आमची कोणाची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता भाऊ आला. चप्पल काढली, हात धुतले आणि आपल्या जागेवर बसला. “दसऱ्याले नागपूरले गेलतो काका, दीक्षाभूमीवर. दरसाल जातो.” वर्षभर काकांनी या माणसाच्या पोळ्या मोजल्या होत्या, पण त्याचा दसरा कुठला, हे कधी विचारलं नव्हतं.

“लय गर्दी असन?” काकांनी कसंबसं विचारलं.

“मोप. रस्त्यावर पंगती बसल्या होत्या. कोनी आडनाव इचारत नाई तिथं. बस म्हनते अन् वाढते.” भाऊने पहिला घास घेतला. मग अगदी साधेपणाने म्हणाला, “पुढच्या साली पाटी लावाच्या पहिले आठ दिवस सांगजा, काका. मी रजा काढून गावाले जाईन.”

काकांनी वरणाची पळी तशीच धरली होती. “पाटी नाई लागणार, भाऊ,” ते म्हणाले. भाऊने मान डोलावली. विश्वास ठेवला की नाही, ते चेहऱ्यावरून कळलं नाही.

पाटी खरंच लागली नाही. पुढच्या नवरात्रात सगळी गल्ली फराळावर तुटून पडली असताना काकांकडे आम्ही वरण-पोळी खात होतो, आणि यात्रेकरूंना काका दारातूनच हात जोडत होते. पण उन्हाळ्यातच भाऊची बदली अकोल्याला झाली होती. काकांनी त्याला पत्र लिहिलं, ‘यंदा खानावळ चालू आहे.’ एवढंच. उत्तर आलं ते खुशालीचं. त्या गोष्टीबद्दल त्यात काही नव्हतं. काकांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं, आणि मग मला विचारलं, “तुले तरी सुचलं होतं का रे तवा, तो कुठं जेवत असन म्हणून?”

मला सुचलं नव्हतं. ते सहा दिवस मी आत्याकडे दोन वेळा पोटभर जेवत होतो.