तिघींचं खुराडं

लिफ्टकाकांना माणसांचा अंदाज चेहऱ्यावरून कधी आला नाही. तो यायचा जागेवरून. सगळी नोकरी एका मोठ्या कचेरीच्या लिफ्टमध्ये गेली, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून. आत पत्र्याची पाटी होती : आठ माणसे. नवव्याला त्यांनी कधी आत घेतलं नाही, मग तो मोठा साहेब का असेना. कचेरीत त्यांचं नावच पडलं होतं, ‘नववा नको’.

घरी मात्र मोजायला दोनच माणसं होती. मागच्या उन्हाळ्यापासून एकच.

बायको गेली ती मागच्या अंगणात तिच्या तीन कोंबड्या ठेवून. एक काळी, एक ठिपक्याठिपक्यांची कवडी आणि एक मास्तरीण, मान ताठ करून बाकीच्या दोघींवर ओरडत हिंडणारी. आधी काकांना त्यांचं काही सोयरसुतक नव्हतं. दाणे टाकायचे, पाणी भरायचं, की झालं. पण हळूहळू असं व्हायला लागलं, की सकाळी दार उघडल्यावर तिघी पायांत आल्या नाहीत तर त्यांना चहा गोड लागेना. त्या घरात दुसऱ्या कुणाचा आवाजच नव्हता.

थंडी तोंडावर आली आणि कोंबड्यांचं जुनं खोकं तळातून कुजलं. काका सुताराकडे गेले. त्याच्या दुकानाबाहेर तयार खुराडी मांडलेली होती.

“तिघींना हे धाकटं बास झालं,” सुतार म्हणाला. “चौघी मावतात.”

“आणि ते पलीकडचं?”

“ते आठांचं.”

काका त्यात वाकले. बसायची दांडी हातानं दाबून पाहिली, दाराची कडी लावून-काढून पाहिली. आठ. या आकड्यावर त्यांचा विश्वास होता. शिवाय बायको दरवर्षी म्हणायची, “अहो, सात-आठ तरी हव्यात. अंगण कसं भरल्यासारखं वाटतं.” आणि दरवर्षी ते म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू.

“हेच द्या.”

“काका, आत शर्यती लावणार आहेत का त्या?”

“लावू देत. जन्मभर माणसांना चेंगरून उभं केलंय मी. यांना तरी ऐसपैस बसू दे.”

हातगाडीवरून खुराडं आलं तेव्हा शेजारच्या वहिनी कपडे वाळत घालता घालता थांबल्या. “अगं बाई! बंगलाच बांधलात की भावजी. भाडेकरू ठेवणार वाटतं?”

“येता का तुम्ही?”

“येते की. पण अंडी-बिंडी माझ्याच्यानं व्हायची नाहीत हं!”

काका कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले. वहिनी आत निघून गेल्या, तरी ते थोडा वेळ कुंपणाकडेच बघत उभे होते.

संध्याकाळी तिघी नव्या घरात शिरल्या आणि लांबलचक दांडीच्या अगदी टोकाला, एकमेकींना चिकटून बसल्या. बाकीची दांडी रिकामी. काकांनी हे पाहिलेलं होतं. लिफ्टमध्ये एकटा माणूस आला की तोही मधे उभा राहत नसे. भिंत धरायचा आणि मान वर करून मजल्यांचे आकडे बघत राहायचा. होईल सवय, असं म्हणून त्यांनी कडी लावली.

थंडी वाढली. अंडी बंद झाली. एका सकाळी काळी आली, मास्तरीण आली, कवडी आलीच नाही. ती भुशात पिसं फुलवून, डोळे अर्धवट मिटून बसली होती. काकांनी तिला उचलून स्वेटरच्या आत धरलं. हाताला वजन असं लागलंच नाही. ते तसेच, घरातल्या चपलांवर, सुताराकडे गेले.

सुतार या वेळी हसला नाही. “गारठलीय ही. एवढी पोकळी तिघींच्या अंगानं कशी तापणार, काका? मधे फळी टाका. वरची हवेची फट तेवढी मोकळी सोडा.”

“द्या फळी.”

“आत्ता नुसत्या पट्ट्या उरल्यात. रुंद लाकूड सोमवारी येईल.”

“सोमवारपर्यंत ही राहायची नाही.”

सुतारानं स्वेटरमधून डोकावणाऱ्या चोचीकडे पाहिलं. “मग घरातच बघा काही. जुनं दार, पेटी, काहीही चालेल.”

घरात जुनं दार नव्हतं. दोन एकेरी पलंग होते, जोडून ठेवलेले. भिंतीकडच्या पलंगावर आता कुणी झोपत नसे. तरी काका दर आठवड्याला त्याची चादर बदलत. त्यांनी कवडीला आपल्या रजईत गुंडाळून ठेवलं. मग भिंतीकडची चादर काढली, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातली, गादी गुंडाळली आणि खालची फळी उचकटली.

करवत वहिनींकडून आली. फळी बघून त्या दारातच थबकल्या. “भावजी, ही तर...”

“हो.”

“थांबा. मी धरते, तुम्ही कापा.”

फळी मापात बसली. वहिनींनी खिळ्यांची डबी पुढे केली. काकांनी मान हलवली.

“नुसती अडकवून ठेवू. ठोकायला नको.”

“आणि पलीकडची जागा?”

“पुढच्या वर्षी बघू,” काका म्हणाले.  वहिनींनी डबीचं झाकण लावलं.

रात्रभर कवडी दोघींच्या मधे होती. सकाळी मास्तरीण ओरडत बाहेर आली, मागून काळी. काका वाकून वाट बघत राहिले. शेवटी कवडी आली, पाय जपून टाकत, आणि दाण्यात चोच घातली.

काकांनी रिकाम्या खुराड्यात हात घातला. भुसा उबदार होता. त्यांनी हात तसाच आत राहू दिला, ऊब विरेपर्यंत.