लाल रबराची नळी

"आधी मावशी," धाकटे साहेब म्हणाले आणि वाफेच्या यंत्राची नळी माझ्यापुढं धरली.

तुंगार्लीच्या बंगल्याचा मागचा व्हरांडा. शनिवारची दुपार. वेताच्या खुर्च्यांवर त्यांचे चार दोस्त बसलेले, मधी टेबलावर चार बारक्या बाटल्या. माझ्या हातात कांदाभज्यांची ताटली. ठेवायला जागा न्हाई म्हणून मी तशीच उभी. एकानं ताटली काढून घेतली, म्हणजे माझे हात मोकळे झाले.

मी ओढलं. ठसका उठला. मिरच्या भाजताना उठतो तसाच, पण हा खाली छातीत उतरला. भिंतीला हात लावून खोकत राहिले. डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी. दोस्तांतला एक चष्मेवाला म्हणाला, "अरे, तू स्वतः का नाही बघत आधी?"

"वेडा आहेस का? सोमवारी माझी मीटिंग आहे. घसा बसला तर?" मग माझ्याकडं वळून, एकदम गोड आवाजात, "थँक यू हं मावशी. पाणी प्या तुम्ही." आणि बाटलीवर पेनानं फुली मारली.

सगळे हसले. वाईट हसले असं न्हाई, सहज हसले. मी पण हसले. हे आधीच सांगून टाकते, मागनं कोणी विचारायला नको की बाई, तू काय केलंस. मी हसले आणि आत जाऊन चहा टाकला.

मी मळवलीची. त्या बंगल्यावर नऊ वर्षं काढली. मालकीणबाई आणि त्यांचा लेक पुण्याला राहतात, शनिवार-रविवार येतात. एरवी बंगला माझ्या ताब्यात. झाडलोट, स्वयंपाक, माळ्याच्या मागं लागणं, पावसाळ्यात गाद्यांना वास येऊ न देणं, सगळं मीच. लेक तिशीचा. त्याला सगळे धाकटे साहेब म्हणायचे, म्हणून मी पण. मला ते कधी अरेतुरे बोलले न्हाईत. मालकीणबाई पण न्हाई. कायम तुम्ही, कायम मावशी. त्या तुम्हीनंच माझी नऊ वर्षं खाल्ली.

ते यंत्र म्हणजे विडी-सिगरेट न्हाई. जाड पेनाएवढं असतं. आत पातळ भरायचं, बटण दाबलं की ते तापतं आणि वाफ येते. वाफेला आंब्याचा वास, पानाचा वास, काय पाहिजे तो. विकतच्या पातळात भेसळ असते, धाकटे साहेब म्हणाले, आपण घरीच करू, शुद्ध. घरी म्हणजे माझ्या ओट्यावर. माझं इडलीचं भांडं बाजूला सारून बाटल्या मांडायचे. तेलकट पाणी, केकात घालायचे इसेन्स, आणि एक बारकी बाटली, तिला मी हात लावायचा न्हाई. दोनदा-तीनदा केलं आणि सगळ्यांचे घसे धरले. कोणाला टोचायला लागलं, कोणाचा आवाज बसला. मग धाकट्या साहेबांनी ठरवलं, कशानं होतंय ते एकेक करून शोधायचं. आज ह्यात इसेन्स कमी, उद्या त्यात पाणी जास्त. शोधायचं डोकं त्यांचं. गळा माझा.

पहिल्यांदा म्हणाले, "मावशी, तुमच्या जिभेला चव कळते. जरा बघा ना, घशाला लागतंय का." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. माझ्या हाताला आणि जिभेला चव हाय, हे वस्तीत सगळ्यांना माहीत हाय. एका बाटलीला मी सांगितलं, ह्यात दालचिनी जास्ती झालीय, ती टोचतेय. त्यांनी दालचिनी काढली आणि टोचायचं थांबलं. दोस्तांना म्हणाले, "मावशींचा गळा म्हणजे मीटर आहे मीटर." मी घरी येऊन लेकीला हे कौतुकानं सांगितलं. लेक बाळंतपणाला माझ्याकडं आलेली, सातवा संपत आलेला. ती म्हणाली, "आई, तू असलं काय ओढतीस?" मी म्हणलं, जराशीच असते गं, गप बस.

आता नळीचं सांगते. यंत्राच्या तोंडाला जी नळी असते ती काढता येते. माझ्यासाठी वेगळी नळी होती. तिला लाल रबर गुंडाळलेलं, म्हणजे ओळखू यावी. मी ओढून बघितलं की ती काढून माझ्या कपात ठेवायची. कप सिंकच्या खाली, फिनेलच्या बाटलीशेजारी. त्याच्या कानाला मालकीणबाईंनी नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. कपाचं मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. कळून मी सोडून दिलतं. पोटाला काम पाहिजे, कपाशी कुटं भांडत बसू. पण नळीचं मला वाटलं, मला माझी स्वतःची दिली. मान दिला. बघा, किती खुळी.

कारण ते पाच जण एकच नळी ओढायचे. ह्याच्या तोंडातली त्याच्या तोंडात. पुसत पण नव्हते.

दोन-अडीच महिने हे चाललं. दर शनिवारी तीन, कधी चार बाटल्या. मला सकाळी उठल्यावर खोकला यायला लागला. कोरडा, वरच्यावर. मग आवाज घोगरा झाला. स्टेशनावर ओळखीची बाई म्हणाली, सर्दी झाली का. मी म्हणलं, व्हय.

लेकीला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं घरीच ठेवलं. कान्ह्याहून तिच्या सासरची माणसं आली, वस्तीतल्या बाया आल्या. आमच्या वस्तीत पाळणा मीच म्हणते. छापील न्हाई. प्रत्येक पोराचा वेगळा, त्याचं नाव घालून, त्याच्या आईबापाचं नाव घालून, मी मनानं रचते. तीसेक पोरं तरी माझ्या पाळण्यावर झोपली असतील. ही तर माझी नात. हिचा पाळणा मी महिनाभर मनात रचत होते. भांडी घासताना, बंगल्याच्या गाद्या उन्हात टाकताना.

लेकीनं बाळाला पाळण्यात ठेवलं. बाया गप झाल्या. मी पहिली ओळ उचलली आणि वरच्या सुराला आवाज फाटला. फाटला म्हणजे नुसती हवा आली. पुन्हा उचलली. खोकला आला, थांबेना. पाळण्याची दोरी हातातनं सुटली. लेकीच्या सासूनं ती पकडली आणि त्यांच्याकडचा एक पाळणा म्हणून वेळ निभावून नेली. चांगली बाई. नंतर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "हुईल बरं, विहीणबाई." मी चुलीपाशी जाऊन बसले आणि रडले. माझ्या नातीचं बारसं आता परत होणार न्हाई. तो पाळणा माझ्या पोटातच राहिला.

दुसऱ्या दिवशी लेक मला ओढत कामशेतला डॉक्टरबाईंकडं घेऊन गेली. त्यांनी घसा बघितला, छातीला नळी लावली आणि विचारलं, "किती वर्षं ओढताय?"

मी पदर तोंडाशी धरून खोकले.

"काय ओढता? विडी, चिलीम? या वयात कसले नाद लावून घेतलेत?"

लेकीच्या देखत. मान वर करता येईना. धाकटे साहेब हसले तवा लागलं न्हाई तेवढं हे लागलं. आणि तिथंच माझ्या तोंडून निघालं, "मी ओढत न्हाई, बाई. मला ओढायला लावतात."

हे मी पहिल्यांदा म्हणलं. म्हणेपर्यंत मला स्वतःला माहीत नव्हतं. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, खायचा इसेन्स पोटात गेला तर पचतो, तापवून छातीत घ्यायला तो केलेला नसतो. काय काय मिसळलंय ते त्या मुलालाही माहीत नसणार. हे यंत्र बनवायला आणि विकायला आपल्या देशात बंदी आहे, हे माहीत आहे का तुम्हाला? मला कुटलं माहीत. आवाज परत येईल का विचारलं. म्हणाल्या, आधी बंद करा, मग बघू. हे सगळं त्यांनी कागदावर लिहून दिलं.

परत येताना मला माझा आजा आठवला. आज्याचा गळा अख्ख्या मावळात माहीत होता म्हणतात. गावात कोणी मेलं की आज्यानं चालत जायचं, ह्या गावाहून त्या गावाला, आणि वेशीबाहेर उभं राहून सांगावा ओरडायचा. पावसात, तापात, कसंही. गळ्यातनं रक्त आलं तरी. आत यायचं न्हाई, पाणी मागायचं न्हाई. त्याच्याच भावकीतलं कोणी आजारी असलं तरी आधी गावाचं मढं. छप्पन साली दीक्षा घेतली आणि आज्यानं सांगून टाकलं, उद्यापासून मी ओरडणार न्हाई. गावानं दाणे बंद केले, वाट बंद केली. आजा न्हाई तो न्हाईच ओरडला. नंतर त्याच गळ्यानं वस्तीत गाणी म्हणली. माझ्या आईचा पाळणा त्यानंच म्हणलेला.

गावापासून त्यानं सोडवून आणलेला गळा, मी शनिवार-रविवार बंगल्यावर नेऊन देत होते. कोणी मारलं न्हाई, उपाशी ठेवलं न्हाई. नुसतं मावशी म्हणलं आणि मी दिला.

पुढच्या शनिवारी गेले. आवाज तसाच. ओट्यावर नवी बाटली, यंत्राला लाल रबराची नळी आधीच बसवून ठेवलेली.

"मावशी, फक्त एकदा," धाकटे साहेब म्हणाले. "गळ्याला लागतंय का तेवढं सांगा."

"न्हाई."

त्यांना वाटलं मी सांगतेय की लागत न्हाई. "अहो, ओढल्याशिवाय कसं कळेल?"

"तुमच्या गळ्याला लावून बघा."

तेवढ्यात मालकीणबाई आत आल्या. काय झालं विचारलं. मग म्हणाल्या, "अहो मावशी, एवढं काय त्यात? तुम्हाला आता सवय झालीये."

मी म्हणलं, "माझ्या नातीचं बारसं झालं. मला पाळणा म्हणता आला न्हाई."

"अरेरे," त्या म्हणाल्या. "मग हळद-मध घ्यायचा ना."

त्यांनी ते मनापासून सांगितलं. म्हणूनच मला कळलं की हितं भांडून काय उपयोग न्हाई. ह्यांना समजावत बसले तर अजून नऊ वर्षं जातील. कमरेचा चाव्यांचा जुडगा काढून ओट्यावर ठेवला. सिंकच्या खालनं कप काढला, यंत्राची नळी उपसली आणि कपात टाकली.

"ही दोन्ही माझीच हाईत ना?" मी विचारलं.

मी मागच्या दारानं न्हाई, पुढच्या दारानं बाहेर पडले.

संध्याकाळी मालकीणबाईंचा फोन आला. "मावशी, आमची वस्तू घेऊन गेलात तुम्ही." मी म्हणलं, माझ्या तोंडाला लागलेली हाय, तुमच्यात कोणाच्या कामाची. त्यांनी फोन ठेवला.

ही गोष्ट हितं संपली असती तर मी गप बसले असते, खरं सांगते. लय दमलेय. नातीला मांडीवर घ्यावं, काढा प्यावा, एवढंच वाटायचं. पण दोन महिने गेले आणि काल मळवलीच्या बाजारात हौसाबाई भेटली. हौसाबाई वर डोंगरातल्या वाडीची, माझ्याच वयाची. पावसाळ्यात आमी दोघींनी कितीदा एका शेतात भाताची लावणी केलीय. भाजी निवडता निवडता ती खोकली. कोरडं, वरच्यावर. तो खोकला मला कोणी दाखवायला नको होता.

"काम कुटं करतीस गं आता?"

"तुझ्याच बंगल्यावर. तू सोडलंस म्हणून मला बोलावलं. चांगली माणसं हाईत."

"नळी देतात का ओढायला?"

"तुला कसं ठावं? मला येगळी दिलीय, माझी माझी."

"रबर कुटल्या रंगाचं?"

"हिरवं."

मी तिला बाजूला घेऊन एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसवलं. बारशाचं सांगितलं, डॉक्टरबाईंचं सांगितलं, पोलीस चौकीत जाऊ म्हणलं. ती लगेच न्हाई मानली. तिचा राग पण आला मला, आणि मग आठवलं की मी पण लेकीला गप बस म्हणलं होतं. तासभर बसलो. शेवटी ती म्हणाली, "तू यिणार असशील तर मी यीन."

कप आणि नळी पिशवीत भरून ठेवलीय. डॉक्टरबाईंचा कागद वरच हाय. चौकीत काय म्हणतील ते मला आताच ऐकू येतंय. साहेब मोठे हाईत, तुमी स्वतःच ओढलंत, कोणी जबरदस्ती केली का. म्हणू देत. व्हय, मी ओढलं, मी हसले सुद्धा, ते पण लिहा म्हणणार. बसा म्हणाले न्हाईत तरी खुर्ची ओढून बसणार. लिहून घेतल्याशिवाय उठणार न्हाई.

उद्या दहा वाजता आमी दोघी जातोय. माझा आवाज अजून फाटकाच हाय, त्याच आवाजात मी बोलणार. हौसाबाई खोकणार. दोन्ही लिहायला लावणार.